शाईचे पावसाळे

यंत्र आलं त्या दिवशी नलिनी खातूनं त्याला हळदकुंकू वाहिलं. पंधरा दिवसांनी तिला त्याच्याकडे पाठ करून बसायला नको वाटायला लागलं.

देवरुखच्या बाजारपेठेच्या वरच्या अंगाला ‘सेतू तपासणी सेवा’ ही अकरा माणसांची कंपनी होती. गावोगावचे साकव, म्हणजे ओढ्या-नद्यांवरचे पायी जायचे छोटे पूल, तपासायचे आणि त्यांची प्रकृती ग्रामपंचायतींना लिहून कळवायची, एवढंच तिचं काम. साकव चौदाशे, म्हणून फायलीही चौदाशे. त्या फायलींची मालकीण, धनीण, दाई, जे म्हणाल ते, नलिनी. बावीस वर्षं ती तिथे नोंदपाल होती. संगणकावर कुणीही कुणाचीही सही हुबेहूब उठवू शकतो हे एकदा जगजाहीर झाल्यावर सरकार पुन्हा शाईच्या सहीवर आलं होतं, त्यामुळे २०४३ साल उजाडलं तरी नलिनीच्या खोलीत कागदाचा वास होता आणि कपाटांवर कपाटं होती.

आता चौदाशे फायली म्हटल्यावर गोंधळ व्हायचाच. कुठल्या तरी वाडीचा नकाशा भलत्याच गावाच्या फायलीत, फोटोंमागे नावं नाहीत, तारखा पुसट. जिल्ह्याचं नवं काम हवं असेल तर सगळं दप्तर यंत्रानं क्रमवार लावून घेतल्याचा दाखला लागेल, असा नियम निघाला. मालक शशिकांत आठल्ये घाईघाईनं ‘अनुक्रम’ नावाचं यंत्र भाड्यानं घेऊन आले. माहितीपुस्तिकेचं पहिलं पान त्यांनी वाचलं. त्यावर लिहिलं होतं की हे यंत्र विस्कटलेले कागद लावून देतं. पुढची पानं वाचायची राहिली.

पुढच्या पानांवर जे होतं ते नलिनीनं वाचलं, कारण न वाचता ती साधी कपाटाची किल्लीसुद्धा घेत नसे. शाईनं कागदावर रेघ ओढली की ती वाळते, पण थांबत नाही. आपल्या हवेत कागद दर पावसाळ्यात ओल पितो आणि फुगतो, आणि दिवाळीनंतर आक्रसतो. फुगलेल्या कागदात शाई केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतकी बाजूला सरकते, आक्रसला की तिथेच अडते. पुढच्या पावसाळ्यात आणखी तेवढीच. म्हणजे प्रत्येक अक्षराच्या कडेला, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात पाहिलं तर, खोडातल्या वलयांसारख्या रेषा असतात. अक्षरानं जितके पावसाळे पाहिले तितक्या रेषा. शिवाय शाईतलं द्रावक पहिल्या वर्ष-दीड वर्षात हळूहळू उडून जातं, ते किती उरलंय हेही यंत्र हुंगून सांगे. छापील मजकुराचं त्याला काही कळत नसे. पण सही, शेरा, रजिस्टरातली नोंद, हाताचं जे जे असेल ते कधी लिहिलं हे त्याला कळे, आणि त्याच क्रमानं ते कागद लावी. कागदावर लिहिलेल्या तारखेकडे ते ढुंकून बघत नसे.

तारीख आणि शाई यांचं जमलं नाही, की तो कागद ‘विसंगत’ नावाच्या यादीत जाई.

पहिल्या आठवड्यात ही यादी म्हणजे करमणूक होती. मिलिंद मुळ्ये हा नकाशे काढणारा, तोंडानं फटकळ. गेल्या वर्षीचे त्याचे बारा महिन्यांचे बारा पाहणी-तक्ते एकाच पेनानं, एकाच दुपारी लिहिल्याचं यंत्रानं सांगितलं. सगळं ऑफिस त्याच्या टेबलाशी जमलं. पाहणी करणाऱ्या परबबाई म्हणाल्या, “एका बैठकीत बारा साकव. मारुतिरायानं एकच समुद्र ओलांडला, त्याचं केवढं कौतुक करत बसलोय आपण.” मुळ्येनं हात जोडून साष्टांग नमस्कार घातला आणि वेळ मारून नेली.

दुसऱ्या आठवड्यात हसणं थांबलं. यादी दोनशे चौदावर गेली होती. जो तो आपल्या जुन्या सह्या आठवायला लागला. पाहणीवर गेलेली माणसं एकमेकांच्या खिशातल्या पेनांकडे बघू लागली. परबबाई डबा खायला एकट्याच गॅलरीत जाऊन बसू लागल्या, कारण त्यांच्या एका अहवालावर मुळ्येची सही होती आणि ती त्यानं कधी केली हे त्यांना माहीत नव्हतं. गावातही कुणकुण लागली. कुणी वाटणीपत्र घेऊन आलं, कुणी सोयरिकीत आलेली जन्मपत्रिका. एका बापानं मुलीच्या सासरकडून आलेली पत्रिका यंत्राखाली धरायला सांगितली. ती तीस वर्षांची असायला हवी होती. निघाली जेमतेम एका पावसाळ्याची. तो माणूस ती घडी घालून खिशात ठेवत म्हणाला की जुनी फाटली असेल, नवी उतरवून घेतली असेल. पण जाताना त्याचा चेहरा उतरला होता, आणि नलिनीनं त्या दिवसापासून बाहेरचे कागद घेणं बंद केलं.

शुक्रवारी दुपारी यादीत तळेकोंडचं पत्र आलं.

तळेकोंडचा साकव २०४१च्या श्रावणात पडला होता. मधला खांब पाण्यानं पायातून पोखरला, आणि पलीकडच्या वाडीवर दूध घालायला निघालेला एक माणूस वाहून गेला. चौकशी झाली. चौकशीत कंपनीनं एक पत्र दाखवलं, १९ एप्रिल २०३९चं : ‘मधल्या खांबाचा पाया उघडा पडला आहे, साकव तातडीनं बंद करावा.’ खाली वरिष्ठ तपासनीस भिकाजी सुर्वे यांची सही. ग्रामसेवक मोरेश्वर गुरव शपथेवर सांगत राहिले की असं पत्र मला आलंच नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी कंपनीचं जावक रजिस्टर मागवलं. शिवलेलं रजिस्टर, पानांना छापील आकडे, आणि ११६ आणि ११८ यांच्या मधोमध, ११७ क्रमांकावर, तळेकोंडच्या पत्राची नोंद. अशा रजिस्टरात मध्येच नोंद घुसवता येत नाही, हे कुणालाही पटणारं होतं. गुरव निलंबित झाले. त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं.

यंत्र म्हणत होतं, पत्रावरची सही आणि रजिस्टरातली ११७वी नोंद, दोन्हींनी चार पावसाळे पाहिलेले असायला हवेत. त्यांनी एकच पाहिला आहे.

नलिनीनं पुन्हा कागद घातला. पुन्हा एक. तिनं यंत्राची काच पुसली, दहा मिनिटं बंद ठेवून चालू केलं, तिसऱ्यांदा घातला. एकच. वरच्या ११६ला चार, खालच्या ११८ला चार. ती दोन्ही तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरात होती. मधली एकटी सुर्वेकाकांच्या.

रजिस्टरात मध्येच नोंद घुसवता येत नाही हे जगाला पटणारं होतं, पण नलिनीला ते खोटं आहे हे पक्कं माहीत होतं, कारण ती दर महिन्याला दोन-तीन ओळी रिकाम्या सोडत होती. नंबर घालायचा, पुढचा रकाना कोरा. एखादं पत्र मागून येणार असेल, कुणाची सही राहिली असेल, तर तारखेची ओढाताण नको. बावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हे तिला शिकवलं होतं सुर्वेकाकांनी. रजिस्टरलाही श्वास घ्यायला जागा ठेवावी, असं म्हणाले होते ते. वर्षाखेरी ज्या ओळी उरत त्यांवर ती ‘रद्द’ लिही. यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. सगळीकडे असंच करतात.

रात्रभर नव्हे, पण शनिवारची अख्खी सकाळ तिनं संशय घेण्यात घालवली. आधी यंत्रावर. मग आठल्येसाहेबांवर. मग मुळ्येवर, कारण तो कुणाचंही अक्षर काढून दाखवी. पण ११७च्या ओळीतला ‘त’ काकांचाच होता, झोपाळ्यासारखा. आणि काकांवर संशय घ्यायचा म्हणजे ज्यानं आपल्याला लिहायला शिकवलं त्याच्या हाताकडे बघायचं. वडील गेल्यावर नोकरी लावून देणारे काका. निवृत्तीनंतर फेटा बांधून कीर्तनाला उभे राहणारे, पंचक्रोशीत ज्यांचा गळा ऐकायला माणसं चालत येतात ते काका.

एक वाट होती. पुस्तिकेत अपवाद दिलेला होता : कागद अगदी कोरड्या जागी राहिला असेल तर पावसाळे कमी मोजले जातात. कोकणात दमटपणा मारायला कपाटात बल्ब लावून ठेवायची पद्धत आहेच, तळेकोंडची फाइल होती त्या कपाटातही तो होता. तिला हायसं वाटलं. मग तिनं त्याच फायलीतले, त्याच पत्राला वरखाली चिकटून असलेले बाकीचे कागद यंत्रात घातले. पाच पावसाळे, चार, तीन, जेवढे हवे तेवढे. एका कागदापुरता बल्ब पेटत नाही.

आठल्येंनी तिला बोलावून घेतलं तेव्हा यादी त्यांच्यापुढे होती. सोमवारी ती जिल्ह्याला जायची होती, प्रत्येक विसंगतीपुढे नोंदपालाचा खुलासा आणि अंगठा. ते अजिबात चढ्या आवाजात बोलले नाहीत. चहा मागवला. तिच्या धाकट्या बहिणीच्या ऑपरेशनची चौकशी केली. मग बल्बचा विषय काढला.

“दोनशे तेरा ठिकाणी खरं लिहा, नलिनीबाई. उशिरा सही झाली, चूक झाली, लिहून टाका, त्यानं कुणाचं काही जात नाही. फक्त या एका ठिकाणी ‘कोरडी साठवण’. बल्ब होता ना कपाटात?”

“होता,” ती म्हणाली.

“मग खोटं कुठे आहे?”

तिनं चहाचा कप बाजूला सरकवला. त्यांनी कंपनीवर चालणाऱ्या अकरा घरांची आठवण करून दिली, आणि शेवटी, ती दाराशी पोचली तेव्हा, अगदी हळू आवाजात म्हणाले की सुर्वेकाकांचं वय आता त्र्याहत्तर आहे.

रविवारी माघी उत्सवात दुपारी चारला काकांचं कीर्तन होतं. नलिनी खांबाशी बसली. एरवी पूर्वरंगाला तिचे डोळे मिटत, आज ती उघड्या डोळ्यांनी काकांना न्याहाळत होती, आणि आपण देवळात बसून हे करतोय याची तिला लाज वाटत होती. काकांच्या उजव्या हाताला पेटी, डावीकडे तबल्यावर मोरेश्वर गुरव. निलंबनानंतर वेळच वेळ होता म्हणून गुरव गावोगाव काकांच्या साथीला जाऊ लागले होते. सगळ्यांना त्याचं कौतुक होतं : ज्यांच्या पत्रानं याची नोकरी गेली त्यांच्याच साथीला बसतो, मनात किल्मिष नाही.

उत्तररंगात काकांनी आख्यान लावलं, सत्त्व राखण्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाचं. काय तो रंग. राजा आपला मुकुट उतरवून ठेवतो तिथे काकांचा आवाज असा खाली आला की मागच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गुरवांनी ठेका इतका हलका केला की तो ऐकू येत नव्हता, नुसता जाणवत होता. काका दमले की ते लय सावरून धरत, चालायला शिकणारं मूल धरावं तशी. आणि नलिनीच्या लक्षात आलं की दीड तासात काकांनी उजवीकडे पाहिलं, समोर पाहिलं, देवाकडे पाहिलं, पण डावीकडे एकदाही पाहिलं नाही.

आरती झाली, बुक्का लागला, माणसं पांगली. काका तळ्याच्या पायरीवर फेटा सोडत बसले होते. ती त्यांच्या शेजारी बसली आणि यंत्रानं काय सांगितलं ते सरळ सांगून टाकलं. ते नाकारतील अशी तिची आशा होती. त्यांनी फेटा नीट घडी करून मांडीवर ठेवला.

“पत्रात एक अक्षर खोटं नाही, नलू. खांबाच्या खाली माझा हात कोपरापर्यंत जात होता. मी आलो आणि आठल्येला सांगितलं, साकव बंद करायला लिहितो. तो म्हणाला, पंचायतीचं दुसरं काम मिळायचंय, पावसाळा जाऊ दे, मग लिहू. पावसाळा गेला. साकव उभाच होता. मला वाटलं, मीच जास्त घाबरलो असेन. मग मी निवृत्त झालो.”

“आणि पडल्यावर?”

“पडल्यावर, दिवाळीनंतर चौकशी लागली तेव्हा, आठल्ये रजिस्टर पिशवीत घालून घरी आला. म्हणाला, काका, जे तेव्हा सांगितलंत तेच लिहा. मी लिहिलं. मला वाटलं, मी खरंच लिहितोय.”

“पण ते पत्र गुरवांना गेलंच नव्हतं.”

“नव्हतं.”

तळ्यात कुणीतरी पाय धूत होतं, त्याची वर्तुळं पायरीपर्यंत येत होती. नलिनीनं विचारलं की मग ती ओळ रिकामी कशी राहिली, वर्षाखेरी आपण ‘रद्द’ लिहितोच की. काकांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

“तूच ठेवलीस. मी त्या दिवशी चिखलाच्या पायांनी तुझ्या टेबलाशी आलो, म्हटलं एक ओळ ठेव, तळेकोंडचं पत्र येतंय. वर्षाखेरी तू विचारलंस, काका, एकशे सतरा रद्द करू का? मी म्हटलं, राहू दे अजून.”

तिला ते आठवलं. चिखल आठवला, तो तिनं फरशीवरून स्वतः पुसला होता तेही आठवलं. आठ महिने ती ओळ तिच्या डोळ्यांसमोर कोरी होती आणि पत्र कुठे आहे हे तिनं विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते फक्त रद्द करू का. चौकशीत तीच ओळ भरलेली दिसली तेव्हा तिला काकांच्या दूरदृष्टीचा अभिमान वाटला होता. तीन दिवस ती ज्याच्या त्याच्यावर संशय घेत फिरत होती, आणि एका माणसावर घ्यायचा राहून गेला होता.

“उद्या मी खरं लिहिणार आहे, काका,” ती म्हणाली. “आणि गुरवांकडे जाणार आहे. तुम्ही येता का?”

त्यांनी फेट्याची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, पाय उचलत नाहीत. तू हो पुढे. आणि ती उठल्यावर मागून म्हणाले, “त्याला सांग, गुरुवारी साखरप्याला कीर्तन आहे. मी तबल्याला दुसरा कुणी बघणार नाही. तो नाही आला तर नुसत्या टाळांवर उभा राहीन.”

सोमवारी तिनं दोनशे तेरा खुलासे दिले. दोनशे चौदाव्यासमोर यंत्रानं तीन पर्याय दाखवले : कोरडी साठवण, नक्कल, अन्य. तिनं अन्य निवडलं आणि लिहिलं, ‘ही ओळ १९ एप्रिल २०३९ रोजी मी कोरी ठेवली. पत्र तेव्हा लिहिलं गेलं नाही, पाठवलं गेलं नाही. साकव पडल्यानंतर नोंद भरली गेली. कोऱ्या ओळी ठेवण्याची पद्धत माझी आहे.’ अंगठा नीट उमटला नाही, यंत्रानं पुन्हा ठेवायला सांगितलं. तिनं पुन्हा ठेवला.

आठल्येंनी ते पडद्यावर वाचलं. त्यांनी तिच्याकडे कपाटांच्या किल्ल्या मागितल्या, एवढंच. तिनं जुडगा टेबलावर ठेवला. मुळ्येनं तिची पिशवी खालपर्यंत आणून दिली.

गुरवांचं घर रस्त्यापासून खाली होतं. ते ओटीवर सुपारी सोलत बसले होते. तिला पाहून उठले, आत पाणी सांगितलं, बसायला पाट दिला. तिनं काही प्रस्तावना केली नाही, यादीतल्या त्या पानाची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, मग पहिल्यापासून पुन्हा वाचली, ओठ हलवत, तिनं लिहिलेला खुलासा दोनदा.

ते चिडतील अशा तयारीनं ती आली होती.

“म्हणजे आलं नव्हतं,” ते म्हणाले.

“नव्हतं.”

“बाई, मी पंचायतीचं दप्तर तीनदा उपसलं. मग घरातलं. माळ्यावरच्या ट्रंका काढल्या. पहिले सहा महिने मी सगळ्यांना ठासून सांगायचो, पत्र आलं नाही. मग रजिस्टर आठवायचं, मधला नंबर आठवायचा. मला वाटायला लागलं, आलं असेल. मीच कुठे तरी ठेवलं आणि विसरलो. तो माणूस माझ्या विसरण्यानं गेला. म्हणून तर मी काकांच्या साथीला बसायला लागलो. म्हटलं, ज्यानं सावध केलं होतं त्याच्या पायाशी तरी बसावं.”

नलिनीला मान वर करता येईना. तिनं काकांचं नाव सांगितलं, आठल्येंचं सांगितलं, ओळ आपण ठेवली हे पुन्हा तोंडानं सांगितलं, आणि साखरप्याचा निरोपही सांगितला. गुरवांच्या बोटांना सुपारीचा रंग लागला होता. ती बोटं पाटाच्या कडेवर एकदा वाजली आणि थांबली.

मग त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली.

“सुलभा, जरा बाहेर ये.”

त्यांची बायको पदराला हात पुसत दारात आली. पाहुणी बाई बसलीय, तिच्यापुढे पाणी तसंच आहे, नवऱ्याच्या हातात कागद आहे, हे तिनं पाहिलं. या घरात कागद आला की काय होतं हे तिला माहीत असावं, कारण ती उंबऱ्यावरच थांबली.

“पत्र आलंच नव्हतं,” गुरव म्हणाले.

“हे तुम्ही मला सहा महिने सांगत होतात.”

“आता यंत्र सांगतंय.”

त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला नाही. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली, बघता बघता तिची नजर खाली गेली, आणि ती उंबऱ्यावर बसली.

“मला वाटायचं, तुम्ही विसरलात,” ती म्हणाली. “बोलले नाही कधी. पण वाटायचं.”

“मला माहीत होतं,” गुरव म्हणाले, आणि कागदाची घडी न घालता तो तिच्या मांडीवर ठेवला.